ड्रायव्हरचा बीपी कोण पाहणार?

येडशीतल्या जुन्या मंडळींना बार्शी लाईटची वाफेची गाडी अजून आठवते. फायरमन फावड्याने कोळसा टाकायचा, ड्रायव्हर स्टेशन आले की तेलाची बुधली घेऊन इंजिनाभोवती फिरायचा. घामाने चिंब होणारी ती माणसे! 2008 साली कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज पूर्ण झाली. आता ड्रायव्हरला लोको पायलट म्हणतात. कोळसा गेला, काजळी गेली, म्हणून काम हलके झाले असे आपल्याला वाटते. हृदयाला मात्र ते जडच गेले.

लंडनच्या दुमजली बसवरील नोकरांचा अभ्यास डॉ. जेरी मॉरिस यांनी 1953 साली प्रसिद्ध केला. गाडी तीच, रस्ता तोच. पण जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार जास्त निघाला. रेल्वेच्या ड्रायव्हरला तर बसण्याच्या जोडीला जागरणही आहे. आज पहाटे दोनला ड्युटी, परवा भरदुपारी. झोपेची घडी विस्कटली की रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढतात. डोळा लागू नये म्हणून तंबाखूची चिमूट तोंडात जाते. अनेक इंजिनांत शौचालय नाही, म्हणून पाणीही बेताने प्यायचे!

पण आम्हांला जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. रेल्वेची वैद्यकीय तपासणी वयाच्या 45 पर्यंत चार वर्षांतून एकदा, 55 पर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. ती जवळ आली की आठवडाभर मीठ सोडायचे, कुणाची तरी गोळी मागून घ्यायची आणि पास झाले की पुन्हा जैसे थे, असे करणारे आम्ही पाहिले आहेत. कारण 'अनफिट' झालो तर घर कसे चालणार, ही भीती. भीती अगदीच खोटी नाही, गाडीवरचा भत्ता जातो. पण नोकरी जात नाही. अशा कामगाराला पर्यायी काम आणि पगाराचे संरक्षण द्यावे लागते. हे घरात सर्वांना माहीत असावे, म्हणजे गोळी लपून घ्यावी लागणार नाही.

बीपी सरकारी दवाखान्यात फुकट मोजतात. महिन्यातून एकदा तरी मोजा. डबा भरणाऱ्या भगिनींनी लोणचे-पापड काढून काकडी-मुळा घालावा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोपू द्यावे, तेवढा वेळ टीव्ही बंद. आणि छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे झाले, तर ॲसिडिटी समजून सोडा पाजत बसू नये. तडक 108 ला फोन करावा.