ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

मी कला शाखेचा विद्यार्थी. दोन वर्षे शिकवण्या करून अठरा हजार रुपये जमविले, ते खेळ खेळण्यासाठी संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवावे म्हणून. दुकानात निघालो तेव्हा मामेभावाने सहज विचारले, "तुझा मदरबोर्ड कुठला?" मला उत्तर देता येईना. त्या दिवशी दुकानात गेलो नाही, हे बरेच झाले. आपल्या वर्गातले दोघे-तिघे सध्या याच बेतात आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हे कार्ड करते काय ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे लग्नघरातला आचारी. अवघड पदार्थ करील, पण असे आचारी मोजकेच. पडद्यावरचे चित्र म्हणजे पंगत. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात आणि सेकंदाला साठ वेळा प्रत्येकाचा रंग ठरवावयाचा असतो. तिथे वाढपी हवेत, तेही शेकड्यांनी. ग्राफिक्स कार्डात असे लहान गणक शेकडो-हजारोंच्या संख्येने एकदम राबतात.

या वाढप्यांना जवळच मोठा ओटा लागतो. ती कार्डाची स्वतःची स्मृती. ओटा भरला की उरलेले सामान मागच्या कोठारातून, म्हणजे संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावे लागते, आणि वाटेतले दार किती रुंद ते मदरबोर्ड व कार्ड मिळून ठरवितात. माझा प्रश्न अडला होता तो इथेच.

मी निवडले होते ते २०२२ च्या जानेवारीत आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी. त्याची स्मृती ४ गिगाबाइट. तिच्याशी व्यवहार सेकंदाला १४४ गिगाबाइटचा. पण कोठाराच्या दाराला मार्गिका चारच, मोठ्या कार्डांना त्या सोळा असतात. नव्या मदरबोर्डावर, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीवर, त्या चार मार्गिकांतून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट जातात. माझा बोर्ड २०१८ मधला, तिसऱ्या आवृत्तीचा. तिथे सुमारे चारच. एकशे चव्वेचाळीस कुठे आणि चार कुठे! ओटा भरला की खेळ अडखळणार. तेच कार्ड नव्या बोर्डावर पुष्कळ बरे चालते. म्हणजे कार्ड एकटे चांगले-वाईट नसते, ते कोणत्या घरात नांदणार आहे ते पाहावे लागते.

नावावर तर मुळीच जाऊ नये. २०१६ साली जीटीएक्स १०६० याच नावाने दोन कार्डे आली, एक ६ गिगाबाइटचे, एक ३ चे. फरक स्मृतीपुरता असेल असे कोणालाही वाटावे, पण गणकही १,२८० आणि १,१५२ असे निरनिराळे होते!

विजेचे गणित त्या मानाने सोपे. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅट मिळतात, सहा टोकांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ टोकांच्या जोडणीतून १५०. पेटी उघडून आपल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला कोणती जोडणी आहे ते डोळ्यांनी पाहावे. माझ्याकडे एकही नव्हती.

शेवटी तीन हजार त्या डब्याला गेले. उरलेल्या पैशांत आरएक्स ६६०० घेतले: ८ गिगाबाइट, आठ मार्गिका, १३२ वॅट. तेही जुने. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरील 'खाणकाम' बंद केले आणि त्या कामातली कार्डे ढिगाने जुन्या बाजारात आली. म्हणून विकणाऱ्याकडे बसून अर्धा तास खेळ चालवून पाहिला, पंख्याचा आवाज ऐकला, मगच पैसे मोजले.

एक मात्र मोजावयाचे राहिले, कार्डाची लांबी. पेटीत ते बोटभर अडले. हार्ड डिस्कचा रिकामा पिंजरा काढला तेव्हा कुठे बसले.