शाळेला बाक, काउंटरला स्टूल?

साखळी दुकानाची शाखा पेणमध्ये असो वा रोह्यात, सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा, हिशेब त्या गल्ल्यावर होत नाही. तो अख्ख्या कंपनीच्या नफ्यावर होतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांतली एक पायरी गाठली तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. कारभार जिथे, त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलम सांगते.

गंमत पुढेच आहे. निव्वळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. शाळेला दिलेले बाक मोजले जातात. बिल काउंटरवर दिवसभर उभ्या असलेल्या मुलीचे स्टूल नाही. तिचा विषय महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ चा. मूळ तरतूद अशी: दिवसाला ९, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, साप्ताहिक सुट्टी, ओव्हरटाइमला दुप्पट दर. गणपतीच्या तोंडावर पेणचा बाजार गजबजतो, तेव्हा हा दुप्पट दर विसरू नये. महिलांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचे तर त्यांची संमती हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ९ चे १० तास करायला मंजुरी दिली.

राहिले स्टूल. दुकानातल्या कामगाराचा बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात लिहिला.