जुन्या ट्रकला नवे ब्रेक : ड्रम की डिस्क?

पुण्याहून मुंबईकडे जाणारे वाहन उर्से टोलनाका ओलांडते, तेव्हा समोरचा रस्ता सरळ आणि बराचसा सपाट असतो. ब्रेकची परीक्षा पुढे, लोणावळा-खंडाळा मागे पडल्यावर सुरू होते. बोरघाटात रस्ता काही किलोमीटरच्या अंतरात सुमारे ५०० मीटर खाली उतरतो आणि खोपोलीला पोहोचतो. २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या या द्रुतगती मार्गावर अवजड वाहनाचे ‘ब्रेक फेल’ झाल्याची बातमी वाचकांना नवी नाही. जुलै २०२५ मध्ये याच उतारावर ताबा सुटलेल्या एका कंटेनरने वीसहून अधिक वाहनांना धडक दिली. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एखादा ट्रक हौसेने दुरुस्त करून रस्त्यावर आणणाऱ्यापुढे पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो. तो चालेल हे ठरले, की थांबेल कसा, हे पाहावे लागते.

महाराष्ट्रात अशा ट्रकांचा वारसा मोठा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर काढले. महिंद्रने मुंबईत विलिस जीपची जुळणी केली. टेल्कोने १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधणीला आरंभ केला; हा करार १९६९ मध्ये संपला, तरी ‘मर्सिडीज’ हे नाव जुन्या चालकांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिले. या सर्व वाहनांत एक गोष्ट समान होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते.

ड्रम ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणारे बिडाचे भांडे म्हणजे ड्रम. त्याच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू आणि त्यांवर रिबिटांनी बसवलेले लायनर. पेडल दाबले की सिलिंडरमधील तेलाच्या दाबाने शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. यात एक सोय आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. म्हणजे चालकाच्या पायाला चाकाचीच मदत मिळते. बूस्टर नसलेल्या काळात अवजड ट्रक माणसाच्या पायाने थांबत असे, त्याचे रहस्य बऱ्याच अंशी यात आहे.

परंतु ब्रेकचे काम शेवटी गतीची उष्णता करणे हेच असते. ही उष्णता किती असते, याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. बारा टनांचा ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवला, तर साधारण १७ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. तोच ट्रक ५०० मीटर उंचीवरून केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरवला, तर ती जवळपास ५ कोटी ९० लाख ज्यूल होते. म्हणजे सपाट रस्त्यावर लागोपाठ पस्तीस वेळा कचकन थांबण्याइतकी. एवढ्या उष्णतेत सुमारे १८५ लिटर पाणी उकळीला येईल. प्रत्यक्षात इंजिन, हवा आणि टायर यांतला काही वाटा उचलतात. पण गिअर न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवू पाहणारा चालक इंजिनाचा वाटाही ब्रेकच्या माथी मारतो.

ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो. साहजिकच पेडल खोल जाऊ लागते. तापलेल्या लायनरमधून वायू सुटतो, घर्षण घटते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी आवरत नाही. उष्णता बंद भांड्यात कोंडलेली असल्याने ती लवकर बाहेरही पडत नाही. पावसाळ्यात ड्रममध्ये शिरलेले पाणी हा आणखी एक उपद्रव. ते निघून जाईपर्यंत एक चाक धरते, दुसरे धरत नाही आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाते.

डिस्क ब्रेकमध्ये घर्षणाचा पृष्ठभाग उघड्यावर असतो. फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी कॅलिपरमधील पॅड चिमटीत पकडतात. चकती तापून जाड झाली तर ती पॅडच्या जवळच येते, दूर जात नाही. पाणी फिरण्यानेच झटकले जाते. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचे पेटंट १९०२ मध्ये घेतले होते. मात्र तिचा बोलबाला झाला तो १९५३ च्या ल माँ शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने बाजी मारल्यावर. पुढच्या चाकांनाच आधी डिस्क लावण्याचे कारण असे, की ब्रेक दाबताच वाहनाचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकांकडे जाते. मागे ड्रम राहिले तरी चालते. हँडब्रेकसाठी ते सोयीचेच पडतात.

मग जुन्या ट्रकचे ड्रम काढून डिस्क लावणे सोपे आहे काय? नाही, आणि गॅरेजमध्ये गफलत होते ती येथेच. चकती आणि कॅलिपर बसवणे हा कामाचा दिसणारा भाग झाला. त्यातही हबचे माप, बेअरिंग, कॅलिपर धरणारा ब्रॅकेट आणि रिमच्या आतली जागा जुळवावी लागते. ब्रॅकेटवर संपूर्ण ब्रेकचा ओढा येतो. तो हाताशी असलेल्या पत्र्यातून कापून वेल्ड करणे म्हणजे जीव टांगणीला लावणे होय.

खरा गुंता तेलाच्या व्यवस्थेत आहे. डिस्कला ड्रमसारखी चाकाची मदत मिळत नाही, म्हणून तिला तेलाचा दाब बराच जास्त लागतो. बूस्टरशिवाय लावलेली डिस्क चालकाला ‘ब्रेकच नाही’ असा अनुभव देते. बूस्टर चालतो निर्वातावर. पेट्रोल इंजिनात तो आयता मिळतो. डिझेल इंजिनात नसतो, म्हणून एक्झॉस्टर म्हणजेच निर्वात पंप बसवावा लागतो. कॅलिपरचा पिस्टन ड्रमच्या सिलिंडरपेक्षा मोठा असल्याने तेलही अधिक लागते. जुना मास्टर सिलिंडर ते पुरवू शकला नाही तर पेडल तळाला टेकते. गरजेपेक्षा मोठा बसवला तर पेडल दगडासारखे कठीण होते.

आणखी एक बारीक, पण घात करणारी गोष्ट आहे. ड्रमच्या व्यवस्थेत नळीत थोडा दाब सतत राखणारी झडप असते. ती डिस्कच्या नळीत तशीच राहिली तर पॅड चकतीला चिकटून राहतात आणि सपाट रस्त्यावरच चाक तापते. शिवाय जीप किंवा डॉजसारख्या जुन्या वाहनांत मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्याही खाली असतो. कॅलिपर त्याहून उंच असेल तर तेल हळूहळू मागे वाहते. त्यासाठी अगदी हलका दाब राखणारी निराळी झडप लागते. मागच्या ड्रमकडे जाणारा दाब मर्यादित करणारी झडपही हवी. रिकाम्या ट्रकची मागची चाके आधी जाम झाली, तर ओल्या रस्त्यावर गाडी फिरण्यास वेळ लागत नाही.

या सर्व खटाटोपात सर्वांत मोलाची सुधारणा डिस्क नव्हेच, असे म्हणता येईल. जुन्या वाहनांत चारही चाकांना एकच तेलवाहिनी असते. एक नळी फुटली की सर्व ब्रेक जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांना स्वतंत्र तेल देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, तर ड्रम कायम ठेवूनही हा धोका टळतो. खर्चही तुलनेने कमी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, हेही लक्षात घ्यावयास हवे. ‘डॉट ३’ दर्जाच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या तेलाचा तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात तेल उकळून नळीत वाफ झाली की पेडल स्पंजासारखे होते, मग पुढे डिस्क असो वा ड्रम. जुने लायनर काढताना कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवण्याची सवयही सोडली पाहिजे, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे.

अवजड ट्रकांची गोष्ट वेगळी आहे. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या वाहनात गॅरेजमध्ये असा बदल करण्याच्या फंदात पडू नये. हा विषय जीप, पिकअप आणि हलके ट्रक यांच्यापुरताच ठेवणे शहाणपणाचे.

कायद्याचा अडसर मात्र लहानमोठा सर्वांनाच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. २०२१ च्या ‘व्हिंटेज’ नियमांचा आधार ट्रकमालकाला मिळत नाही, कारण ते पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींपुरते आहेत. तेव्हा हबला पाना लावण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीला कळवणे हे टाळता येण्याजोगे सोपस्कार नव्हेत.

परवानगी मिळून काम पूर्ण झाले, तरी पहिली फेरी घाटात नेऊ नये. नवे पॅड चकतीवर नीट बसण्यासाठी मोकळ्या, सपाट जागी ताशी ५० किलोमीटर वेगावरून दहापर्यंत हळूहळू यावे, मध्ये गार होऊ द्यावे, असे पुन्हा पुन्हा करावे लागते. त्यानंतर चारही चाके हात जवळ नेऊन तपासावीत. एखादे चाक इतरांपेक्षा गरम लागले तर गाडी पुन्हा जॅकवर घ्यावी. बोरघाट उतरणाऱ्या रेल्वेगाड्याही ब्रेकच्या चाचणीसाठी थांबवल्या जातात. ट्रकचालकाने उतार लागण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून पेडल दाबून पाहिले आणि चढताना जो गिअर लागला असता त्यातच खाली उतरला, तर जुने ड्रमही बरेच काही निभावून नेतात.