राष्ट्रांच्या प्रगतीचा जाहीर हिशेब

वचन देणें सोपें असतें. मुदत संपत आली म्हणजे त्याचा हिशेब चारचौघांत मांडणें मात्र अवघड जातें. व्यक्तींच्या बाबतींत हें जितकें खरें आहे, तितकेंच राष्ट्रांच्या बाबतींतहि खरें आहे. दरवर्षीं जुलै महिन्यांत न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य कचेरींत असा एक हिशेब मांडला जातो. त्याचें स्वरूप काय आणि त्याचें बळ कशांत आहे, हें आजच्या भाषणांत थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम मूळ वचन कोणतें तें पाहूं. २५ सप्टेंबर २०१५ रोजीं संघाच्या आमसभेंत १९३ सभासद राष्ट्रांनीं एकमतानें एक ठराव संमत केला. दारिद्र्य, भूक, रोगराई, अशिक्षितपणा, अशुद्ध पाणी, स्त्रीपुरुषांमधील विषमता, हवामानाचा बिघाड इत्यादि प्रश्नांसंबंधीं १७ ध्येयें व त्यांखालीं १६९ उद्दिष्टें या ठरावांत नमूद केलीं असून, बहुतेकांस २०३० सालची मुदत घातली आहे. यांनाच शाश्वत विकासाचीं ध्येयें म्हणतात. आजच्या पिढीच्या गरजा भागवितांना पुढील पिढ्यांच्या ताटांतील घांस हिरावून न घेणें, हा शाश्वत विकासाचा अर्थ होय. यापूर्वीं २००० सालानंतर आठ ध्येयांचा एक संकल्प झाला होता. पण त्याचा रोंख मुख्यतः गरीब देशांकडे होता. २०१५ चा संकल्प श्रीमंत व गरीब अशा सर्वच राष्ट्रांस लागू आहे.

आतां हिशेबाची रीत पाहूं. २०१२ सालीं रिओ द जानेरो येथें भरलेल्या परिषदेंत ठरल्याप्रमाणें एक ‘उच्चस्तरीय राजकीय मंच’ स्थापन झाला. २०१६ पासून या मंचापुढें राष्ट्रें आपआपला ‘ऐच्छिक राष्ट्रीय आढावा’ सादर करूं लागलीं. पहिल्या वर्षीं २२ राष्ट्रें पुढें आलीं. पुढें ही संख्या वाढत गेली, आणि आतां जगांतील बहुतेक राष्ट्रांनीं निदान एकदां तरी असा आढावा मांडला आहे. भारतानें तो २०१७, २०२० आणि २०२५ असा तीन वेळां मांडला. राष्ट्र आधीं लेखी अहवाल धाडतें; मग त्याचा मंत्री किंवा वरिष्ठ अधिकारी थोडक्या मिनिटांत त्याचें सार सांगतो; आणि इतर राष्ट्रांचे व नागरी संस्थांचे प्रतिनिधी कांहीं प्रश्न विचारतात.

यांतील ‘ऐच्छिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आढावा केव्हां मांडावा, मांडावा कीं नाहीं, आणि त्यांत कशावर भर द्यावा, हें सर्व ज्या त्या राष्ट्राच्या मर्जीवर सोंपविलेलें आहे. येथें गुण नाहींत, क्रमांक नाहींत, दंडहि नाहीं. मानवी हक्क परिषदेंत २००८ पासून चालत असलेल्या आढाव्यांत इतर राष्ट्रें रीतसर शिफारसी करतात आणि त्यांपैकीं कोणत्या मान्य, हें त्या राष्ट्रास कळवावें लागतें. विकासाच्या आढाव्यांत तेवढेंहि बंधन नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं २०२५ सालापर्यंत एकदांहि आपला आढावा मांडला नव्हता. उलट ज्या न्यूयॉर्क शहरांत हा मंच भरतो, त्या शहरानें २०१८ सालीं केवळ आपल्या नगरापुरता आढावा संघाकडे पाठवून इतर शहरांस वाट दाखविली.

मग अशा बिनदंडाच्या हिशेबाचा उपयोग काय? त्याचा खरा उपयोग मोजमापांत आहे. प्रत्येक उद्दिष्टास एक किंवा अधिक निदर्शक जोडलेले आहेत, आणि त्यांतून मोघम वचनाचा नेमका प्रश्न तयार होतो. सहाव्या ध्येयाचेंच उदाहरण घेऊं. २०३० पर्यंत सर्वांस पिण्याचें सुरक्षित पाणी मिळावें, हें त्यांतील पहिलें उद्दिष्ट. येथें ‘सुरक्षित’ याचा अर्थ असा कीं, पाणी घराच्या आवारांत असावें, हवें तेव्हां मिळावें, आणि मैल्याच्या व घातक रसायनांच्या दोषांपासून मुक्त असावें. या तिन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या पाहिजेत.

भारतांत १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हां ग्रामीण घरांपैकीं सुमारें १७ टक्के घरांत नळ होता. सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२५ च्या आरंभीं हें प्रमाण सुमारें ८० टक्क्यांवर गेलें. हें काम लहान नव्हे. योजनेची मूळ मुदत २०२४ होती. ती २०२५ च्या अर्थसंकल्पांत २०२८ पर्यंत वाढविण्यांत आली. परंतु नळाची जोडणी ही तीन अटींपैकीं पहिलीच पुरी करते. मे महिन्यांत त्या नळास पाणी येतें काय, आणि आलेलें पाणी तपासलेलें असतें काय, हे प्रश्न उरतातच. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं महाराष्ट्रांतील गांवें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना जोडणी आणि पाणी यांतील अंतर समजावून सांगावयास नको.

दुसरी अडचण सरासरीची. ‘कोणासहि मागें ठेवावयाचें नाहीं’ हें या संकल्पाचें मुख्य सूत्र आहे. पण देशाची सरासरी सुधारली तरी एखादा पाडा किंवा एखादी वस्ती होती तेथेंच राहूं शकते. त्यासाठीं आंकडे जिल्हावार, जातीजमातींप्रमाणें व स्त्रीपुरुषांप्रमाणें वेगळे मिळावे लागतात. आपल्याकडे २०११ नंतर होणारी शिरगणती लांबली, व पुढील शिरगणतीसाठीं १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरविण्यांत आली. जुन्या शिरगणतीवर बेतलेल्या अंदाजांनीं नव्या वचनांचें माप घेणें कठीण, हें उघड आहे.

सर्व जगाचा हिशेबहि समाधानकारक नाहीं. संघाच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणें, ज्यांचें माप घेतां आलें त्या उद्दिष्टांपैकीं ३५ टक्केच मार्गावर आहेत किंवा त्यांत बेताची प्रगति आहे. जवळजवळ निम्म्यांची गति अपुरी आहे. आणि १८ टक्के उद्दिष्टें तर २०१५ च्याहि मागें गेलीं आहेत.

तात्पर्य, न्यूयॉर्कच्या सभागृहांत परक्यांनीं विचारलेल्या प्रश्नांनीं कोणत्याहि सरकारला फारसें अडचणींत येण्याचें कारण नाहीं. पण तेथें सादर झालेला अहवाल हा सरकारचाच शब्द असतो आणि तो कोणासहि वाचतां येतो. पाणी व सार्वजनिक आरोग्य हे आपल्या राज्यघटनेप्रमाणें मुख्यतः राज्यांचे विषय. म्हणून तो अहवाल हातीं घेऊन नगरपालिकेस, जिल्हा परिषदेस आणि आपल्या आमदारास प्रश्न विचारणें हें नागरिकांचें काम आहे. न्यूयॉर्कमध्यें ज्या आढाव्यास परीक्षक नाहीं, त्याची परीक्षा घरींच घ्यावी लागते. आणि सुशिक्षित नागरिकांनीं ती घेतली नाहीं, तर टँकरच्या रांगेंत उभ्या असलेल्या बाईनें ती घ्यावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी?