सिकलसेल : एका अक्षराचा फरक

सिकलसेलचे निदान झाले की नातेवाईक आम्हांस हटकून विचारतात, "हा दोष रक्तात आला कोठून?" त्याचे मूळ पेशीकेंद्रातील डीएनएमध्ये आहे. एकमेकींभोवती वळलेल्या दोन साखळ्यांवर ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन ही चारच 'अक्षरे' असतात. ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन, ही जोडी ठरलेली. त्यामुळे एका साखळीवरून दुसरी घडविता येते. या मजकुराची आरएनए ही नक्कल केंद्राबाहेर जाते. तेथे रायबोसोमवर तिच्या दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल जोडले जाऊन प्रथिन तयार होते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत अशी १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्याच्या सांकेतिक शब्दात एका ॲडेनिनऐवजी थायमिन आले, की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. हा बदल व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवून दिला. फरक एवढाच, परंतु प्राणवायू कमी होताच असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. मुलांची हाडे असह्य दुखतात ती यामुळेच.

सदोष जनुक आई व वडील दोघांकडून आले तरच हा आजार होतो. एकट्या सुनेस बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी ही शक्यता २५ टक्के असते. विदर्भात व नंदुरबार भागात वाहकांचे प्रमाण लक्षणीय असल्याने तेथील कुटुंबांनी विवाहापूर्वीच दोघांचीही इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.