चपड्याखालचे दशावतार

वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरसारख्या गावात जुनी खुर्ची कळाहीन झाली की तिच्यावर ऑइलपेंटचा हात फिरतो, नाहीतर ती माळ्यावर जाते. विदर्भात पळसाला तोटा नाही आणि लाखेचा किडा पळसावरही पोसला जातो. पण त्या लाखेने लाकूड नटवण्याची कला पाहायची, तर राज्याचे दुसरे टोक गाठावे लागते. सावंतवाडी.

तिथे मोती तलावाकाठच्या राजवाड्यात आजही चित्रकार बसून काम करताना दिसतात. इतिहास थोडक्यात असा: संस्थानाच्या आश्रयाने वाढलेल्या हातरंगी गंजिफांना, म्हणजे जुन्या खेळाच्या पत्त्यांना, छापील पत्त्यांनी मारले. 1970च्या दशकात राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलीक चितारी यांच्याकडून ही विद्या समजून घेतली आणि पुन्हा उभी केली. दशावतारी डाव 120 पानांचा. एवढा डाव खेळायला आज बसतो कोण? म्हणून मत्स्य, कूर्म, वराह पानांवरून उतरून पाट, चौरंग, पेट्या आणि खुर्च्यांवर जाऊन बसले.

खरे खिळवून ठेवते ते लेथचे काम. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणाची ऊब लागून लाख वितळते आणि पातळ थर चढतो. मग त्यावर केवड्याचे पान दाबून धरायचे, की लकाकी येते. ब्रश नाही, थिनर नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही.

पण लेथवर गोल तेवढेच फिरते. खुर्चीचा पाय जमतो, पाट जमत नाही. सपाट फळीला आधी अस्तर हवे, नाहीतर लाकडाच्या शिरा वराहाच्या अंगावर उमटायच्या. गंजिफाच्या पानांसाठी हे काम चिंचोक्याची खळ आणि पांढरी भुकटी करते. अस्तर घोटून गुळगुळीत झाले, की त्यावर चित्र आणि सर्वांत वर लाख.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात शिरा लपवण्याच्या नेमके उलट चालले होते. टॉमस कर्शॉ हा रंगारी ब्रशने लाकडाच्या रेषा आणि संगमरवराच्या शिरा अशा काढी, की 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्या नकलाच मांडल्या गेल्या. सावंतवाडीचा चित्रकार लाकूड झाकतो, पण दुसऱ्या लाकडाचे सोंग घेत नाही. हे जास्त प्रामाणिक वाटते.

अडचण येते ती चौरंग जुना झाल्यावर. वरचा लाखेचा थर म्हणजे स्पिरीटमध्ये विरघळवून लावलेला चपडा, म्हणजेच शुद्ध केलेल्या लाखेच्या पातळ पापड्या. त्यावर गरम चहाचा कप टेकला, की पांढरे वर्तुळ उठते. मात्र हा थर स्पिरीटनेच पुन्हा सैल होतो, म्हणून दुरुस्तीला वाव राहतो. खालचा रंग डिंकात कालवलेला असेल तर तो स्पिरीटला दाद देत नाही. डागाळलेला थर निघतो, चित्र राहते. रंग ॲक्रिलिक असेल तर? स्पिरीट त्यालाही मऊ करते आणि परशुरामाचा परशू चिंधीवर येतो. वरून पॉलियुरेथेन मारलेले असेल, तर साधे स्पिरीट चालतच नाही. जे रसायन चालते ते चित्रही सोबत घेऊन जाते.

बाहेरून तिन्ही सारखेच चमकतात. म्हणून जाणता कारागीर जुना चौरंग आधी उलटा करतो. खालच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे स्पिरीटचा बोळा हलकेच टेकवतो, आणि बोळ्यावर काय उतरले ते उजेडात नेऊन पाहतो.