कार्ड नवे, पडदा काळा

लग्नसराई तोंडावर आली की मुदखेडच्या फोटो स्टुडिओंमध्ये मिक्सिंगची कामे साठू लागतात. हळदीपासून वरातीपर्यंतचे शूटिंग आता फोर-के कॅमेऱ्यावर होते, वर ड्रोनचे वेगळे. आणि सहा-सात वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर हे ओझे उचलताना धापा टाकतो. मग नांदेड गाठायचे आणि नवे ग्राफिक्स कार्ड आणायचे. वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर, रेल्वे आहे, एसटी आहे, दिवसात काम होते. घरी येऊन कॅबिनेट उघडले, कार्ड स्लॉटमध्ये बसवले, एसएमपीएसची वायर जोडली, बटण दाबले. पंखे फिरतात, लाइट लागतात. मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’.

जुने कार्ड परत लावले की सगळे सुरळीत. म्हणजे नवे कार्ड खराब, असा निष्कर्ष निघतो आणि दुसऱ्या दिवशी कार्ड दुकानात परत जाते. दुकानदार ते आपल्या मशीनवर लावतो, तर तिथे चित्र झकास दिसते. गिऱ्हाईक म्हणते कार्ड चालत नाही, दुकानदार म्हणतो चालते, आणि दोघेही खरे बोलत असतात. अडचण बहुधा कार्डात नसते. मदरबोर्डवर नखाएवढी, आठ पायांची एक चिप असते. तिच्यात लिहून ठेवलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर, बोलीभाषेत बायोस. तो जुना झालेला असतो.

हे खेड्यातल्या गिऱ्हाइकाचे अज्ञान, असे कुणी समजू नये. २०२३मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० टीआय आणि ४०६० ही कार्डे बाजारात आली, तेव्हा काही मदरबोर्डांवर विंडोज सुरू होईपर्यंत स्क्रीन काळीच राहत होती. २०२५मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय आणि ५०६० या कार्डांच्या बाबतीतही तसेच घडले. रीस्टार्ट केल्यावर काही मशीनवर पडदा कोराच. दोन्ही वेळा कंपनीने कार्डातले फर्मवेअर बदलण्याचे छोटे साधन दिले. सोबत दोन गोष्टी करून पाहायलाही सांगितल्या: मदरबोर्डचे बायोस ताजे करा आणि बूटची पद्धत ‘यूईएफआय’वर आणा. ज्या श्रेणीची कार्डे आपल्याकडचे स्टुडिओवाले आणि विद्यार्थी घेतात, नेमकी तीच ही श्रेणी.

बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत काय होते, ते समजून घेतले की या काळ्या पडद्याचा उलगडा होतो. वीज मिळताच प्रोसेसर पहिली आज्ञा त्या आठ पायांच्या चिपमधून उचलतो. बायोस आधी रॅम तपासून कामाला लावते, मग पीसीआय एक्सप्रेसच्या प्रत्येक स्लॉटमध्ये कोण बसले आहे याची विचारपूस करते. ग्राफिक्स कार्ड सापडले की त्याला किती मेमरी-पत्ते हवेत हे विचारते आणि तेवढी जागा नेमून देते. कार्डाच्या पोटातही स्वतःचे छोटे फर्मवेअर असते. बायोस ते वाचते, चालवते आणि तेव्हा कुठे मॉनिटरवर पहिले अक्षर उमटते. या साखळीतली एक कडी निसटली तरी पंखे फिरत राहतात, पण चित्र येत नाही.

कडी निसटण्याची दोन कारणे नेहमीची आहेत. पहिले कारण पिढीचे. १९८१च्या आयबीएम पीसीमधले बायोस अवघे ८ केबीचे होते. त्याची चाल पुढे तीसेक वर्षे टिकली. २००५मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमने नवी पद्धत आणली आणि २०१२मध्ये विंडोज ८ आल्यावर ती घरोघरच्या मशीनमध्ये रुळली. आज त्या चिपमध्ये १६ किंवा ३२ एमबीचा प्रोग्रॅम असतो, म्हणजे मूळ बायोसच्या काही हजार पट. ग्राफिक्स कार्डानेही चित्र दाखवण्याची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीला जागा देण्यासाठी बोर्डांमध्ये सीएसएम नावाची सोय असते. बोर्ड सीएसएमवर आणि कार्ड नव्या पद्धतीचे, अशी जोडी पडली की काही वेळा एकमेकांचे बोलणे कळत नाही.

दुसरे कारण मेमरीच्या पत्त्यांचे आहे. वर्षानुवर्षे प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा एका वेळी २५६ एमबीएवढाच भाग दिसत असे. कार्डावर ८ जीबी असो की १६ जीबी, २५६-२५६ एमबीच्या तुकड्यांनीच काम चालायचे. पूर्ण मेमरी एकदम खुली करण्याची तरतूद पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत २००८च्या सुमारासच आली होती. तिचे नाव ‘रीसाइझेबल बार’. पण बारा वर्षे ती कागदावरच राहिली. २०२०च्या नोव्हेंबरात एएमडीने रेडिऑन आरएक्स ६००० कार्डांबरोबर ती वापरात आणली, पुढच्या वर्षी एनव्हिडियाने तेच केले, आणि मग असूस, एमएसआय, गिगाबाइट या बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी जुन्या बोर्डांसाठीही भराभर नवी बायोस दिली. बायोसच्या मेनूमध्ये ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ आणि ‘रीसाइझेबल बार’ हे दोन पर्याय दिसू लागले ते असे. इंटेलची आर्क कार्डे २०२२मध्ये आली, तेव्हा तर इंटेलने स्पष्टच सांगितले की ही सोय चालू असलीच पाहिजे. ती नसेल तर आर्क कार्ड चालू होते, चित्रही दाखवते, पण वेग इतका पडतो की घातलेल्या पैशांचे चीज होत नाही.

मुदखेड जंक्शनवर मीटर गेजचे दिवस पाहिलेल्या माणसांना हे पटकन कळेल. ब्रॉडगेजचा डबा कितीही नवा असला तरी रूळ बदलल्याशिवाय तो आदिलाबादच्या वाटेला लागत नव्हता. कॉम्प्युटरमध्ये फरक एवढाच की इथे रूळ उखडावे लागत नाहीत. नवी फाइल चिपमध्ये लिहिली की झाले.

तरीही ‘बायोस मारायचे’ म्हटले की भले भले हात आखडतात. ही भीती हवेतली नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने आशियातल्या असंख्य कॉम्प्युटरांचे बायोस पुसून टाकले होते आणि ती मशीन चालूच होईनाशी झाली होती. फर्मवेअर लिहिताना मध्येच खंड पडला तर आजही तेच होते. प्रोसेसरला पहिली आज्ञाच सापडत नाही, बोर्ड निपचित पडतो. आणि मराठवाड्यात खंड पडण्याचे सर्वांत मोठे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. लाइट.

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि तेच अवकाळी वाऱ्यावादळाचे दिवस. दुपारी चारला आभाळ भरून आले की फिडर कधी बंद पडेल सांगता येत नाही. बायोस लिहायला साधारण पाच-दहा मिनिटे लागतात, पण ती मिनिटे सलग मिळाली पाहिजेत. म्हणून यूपीएस लागतोच, आणि त्याची बॅटरी जिवंत हवी. आदल्या दिवशी मशीन चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहावा. दहा-पंधरा मिनिटे टिकला तरच पुढे जावे. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबून राहू नये. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला क्षणभर वेळ घेतो. पंख्याला-ट्यूबलाइटला तो जाणवत नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात रीस्टार्ट होऊ शकतो. महावितरणचा देखभालीचा दिवस टाळून, सकाळच्या शांत वेळी हे काम केलेले बरे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. जुने कार्ड एक्सचेंजमध्ये देऊन नवे घेण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. जुने कार्ड दुकानात राहिले, नवे चित्र दाखवत नाही. मग बायोसच्या मेनूत शिरायचे तरी कसे? म्हणून जुने कार्ड लावलेले असतानाच बायोस ताजे करावे, मशीन चांगले चालते हे पाहावे, आणि मगच नव्या कार्डाला हात घालावा.

विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकदम दाबून ‘एमएसइन्फो३२’ टाइप केले की बोर्डचे नाव, बायोसची आवृत्ती, तिची तारीख आणि बायोसचा प्रकार, सगळे एका पानावर दिसते. बोर्डचे पूर्ण नाव बोर्डवरही छापलेले असते. गिगाबाइटच्या बोर्डांवर तर एका कोपऱ्यात ‘रिव्हिजन’चा आकडाही असतो. तो वेगळा असेल तर फाइलही वेगळी लागते, नाव जुळले एवढ्याने भागत नाही. फाइल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कधीही नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करून फाइल त्यात टाकायची आणि मशीन सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ दाबून मेनूत जायचे. असूसमध्ये ‘ईझेड फ्लॅश’, एमएसआयमध्ये ‘एम-फ्लॅश’, गिगाबाइटमध्ये ‘क्यू-फ्लॅश’, एएसरॉकमध्ये ‘इन्स्टंट फ्लॅश’ अशी नावे आहेत, काम एकच.

लिहिणे संपल्यावर मशीन आपोआप एक-दोनदा बंद-चालू होते. नव्या डीडीआर५ रॅमच्या बोर्डांवर तर पहिल्या खेपेला काही मिनिटे स्क्रीन काळीच राहते, कारण बायोस रॅमची नव्याने जुळणी करत असते. नेमका इथेच धीर सुटतो आणि बोट बटणाकडे जाते. काही बोर्डांत दुसऱ्या टप्प्याचे लेखन याच वेळी चालू असते. खुर्ची सोडून बाहेर चहा घेऊन येणे हाच उत्तम उपाय.

दोन सापळे असे आहेत की त्यात अनुभवी माणसेही अडकतात. एक बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाचा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच मशीनवर डिस्क मालकाच्या नकळत कुलूपबंद झालेली असते. बायोस बदलले की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण ते खाते दुकानातल्या पोराने कुठल्या ई-मेलवर उघडले हे कुणालाच आठवत नाही. लग्नाचे सगळे शूटिंग त्याच डिस्कवर असेल तर काय होईल याची कल्पना करावी. आधी की लिहून घ्यावी, बिटलॉकर तात्पुरते थांबवावे आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावा. दुसरा सापळा जुन्या पद्धतीने टाकलेल्या विंडोजचा. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल आणि नव्या कार्डासाठी सीएसएम बंद केले, तर कार्ड चित्र दाखवते पण विंडोजच सापडत नाही. २०१७पासून विंडोज १०मध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचे साधन आहे. त्याने डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलता येते. फॉरमॅट मारण्याची घाई करू नये.

एवढे करूनही बोर्ड बंद पडलाच, तर तो भंगारात गेला असे नाही. अलीकडच्या अनेक बोर्डांच्या मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचे बटण असते. प्रोसेसर, रॅम, कार्ड काहीही नसताना केवळ वीज आणि पेन ड्राइव्ह यांवर ते बायोस नव्याने लिहिते. गिगाबाइटच्या काही बोर्डांत राखीव दुसरी चिप असते. यांपैकी काहीच नसेल तर दुरुस्ती करणारा कारागीर त्या आठ पायांच्या चिपला चिमटा लावून प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राच्या साह्याने फाइल थेट भरतो. ज्याच्याकडे प्रोग्रॅमर आहे अशा कारागिराला ‘बोर्ड डेड, नवा घ्या’ असे म्हणण्याचे कारण नसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कारण नसताना बायोस बदलू नये. २०१९मध्ये एएमडीचे रायझन ३००० प्रोसेसर आले तेव्हा काही बी४५० बोर्डांच्या १६ एमबी चिपमध्ये जागा पुरेना. नव्या प्रोसेसरना आत घेण्यासाठी काही जुन्यांचा आधार काढून टाकावा लागला. म्हणून फाइलसोबत दिलेली टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि काही कारणे मात्र टाळण्यासारखी नसतात. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरना जादा व्होल्टेजने इजा होत असल्याचे निघाले. त्यावरचा उपाय नव्या बायोसमधूनच आला. एच६१ जातीच्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त बोर्डांना आणि ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड ब्रँडेड सेटना मात्र नवी फाइल बहुधा मिळतच नाही. अशा मशीनवर तीस-पस्तीस हजारांचे कार्ड लावण्याआधी दहा वेळा विचार करावा.

नांदेड-लातूरच्या दुकानदारांनी एक पद्धत पाडली तर गिऱ्हाइकांच्या निम्म्या खेपा वाचतील. कार्ड विकण्याआधी बोर्डचे नाव आणि बायोसची तारीख विचारावी, नवा कॉम्प्युटर असेंबल करून देताना बायोस ताजे करूनच द्यावे, आणि बिलावर वॉरंटीच्या शिक्क्याशेजारी बोर्डचे मॉडेल, रिव्हिजन आणि बायोसची आवृत्ती लिहावी. गिऱ्हाइकानेही नांदेडची गाडी धरण्यापूर्वी एमएसइन्फोच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून खिशात ठेवावा.